रांग वाचता आली पाहिजे

मेल सर्व्हरसाठी, म्हणजे संस्थेचे ईमेल घेणाऱ्या, ठेवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या यंत्रासाठी, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक तक्ता असतो. डावीकडे नावं: पोस्टफिक्स, एक्झिम, एक्स्चेंज, झिंब्रा, मेलकाऊ, स्टॉलवर्ट. वर सोयी: वेबमेल, कॅलेंडर, स्पॅमची चाळणी, मोबाइलवर मेल, अँटिव्हायरस. रकान्यांत बरोबरच्या खुणा. ज्या नावापुढे खुणा जास्त, ते घ्यायचं, असा साधारण बेत.

या तक्त्याबद्दल माझी तक्रार आहे. ज्या गोष्टीवर निवड व्हायला हवी, तिचा रकानाच त्यात नसतो. अडकलेला मेल नेमका कुठे अडकलाय, का अडकलाय आणि काय केलं की सुटेल, हे तुमच्या माणसाला किती वेळात कळेल? मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. आणि लगेच दुसरा: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं, तर साठलेला सगळा पत्रव्यवहार उचलून नेता येईल का? कॅलेंडर, वेबमेल वगैरे मागाहून जोडता येतं. या दोन गोष्टी मागाहून जोडता येत नाहीत.

मेल हा मुळातच थांबत थांबत जाणारा प्रकार आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमपत्रात एसएमटीपीचे, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल कसा द्यायचा याचे नियम लिहिले, तेव्हा पलीकडचं यंत्र बंद असणं, जोडणी तुटलेली असणं ही रोजची गोष्ट होती. म्हणून समोरचा सर्व्हर दाद देत नसेल तर मेल स्वतःकडे ठेवून घ्यायचा आणि पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं, ही रीत पहिल्यापासून पडली. २००८ चा आरएफसी ५३२१ सांगतो, की हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहा. त्याचबरोबर एक कडक अट आहे. मेल घेताना उत्तरादाखल ‘२५०’ हा आकडा दिलात, की तो मेल तुमच्या गळ्यात पडला. एक तर तो पुढे पोचवा, नाहीतर पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवा. गुपचूप हरवायची मुभा नाही.

मेल सर्व्हरचं सगळं काम या अटीत आलं. दुसऱ्याची वस्तू जबाबदारीने ताब्यात घ्यायची, रांगेत लावायची आणि बटवडा होईपर्यंत तिचा हिशेब ठेवायचा. हा हिशेब माणसाला वाचता येईल असा ज्याने ठेवलाय, ते सॉफ्टवेअर मला चांगलं वाटतं.

एक रात्र सांगतो. ज्या संस्थेचं काम मी बघत होतो, तिथून शनिवारी साडेदहाच्या सुमाराला फोन आला. सोमवारी परीक्षा होती, प्रवेशपत्रं मेलने सुटली होती आणि निम्म्या विद्यार्थ्यांना ती मिळालीच नव्हती. सर्व्हरवर पोस्टफिक्स होतं. रांग मोजली तर ताटकळलेल्या मेलांचा आकडा अकरा हजारांच्या वर. संस्थेचे विद्यार्थी दीड हजार! पोस्टफिक्सबरोबर क्यूशेप नावाचं एक लहानसं साधन येतं. ते रांगेचा तक्ता मांडतं: आडव्या ओळींत मेल कोणत्या डोमेनकडे (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाकडे) निघालेत ते, आणि उभ्या रकान्यांत ते किती मिनिटं तिष्ठत आहेत ते. पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ. तक्त्यात आमच्या कुणी जन्मात मेल केला नसेल अशा डोमेनच्या ओळी भरून वाहत होत्या, आणि सगळा फुगवटा ऐंशी ते एकशे साठ मिनिटांच्या रकान्यात. म्हणजे साधारण दोन तासांपूर्वी काहीतरी सुरू झालं होतं.

त्यातल्या एका मेलचा रांगेतला क्रमांक घेतला आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, शोधला. पोस्टफिक्समध्ये प्रत्येक मेलला असा एक क्रमांक मिळतो आणि मेल ज्या ज्या हातांतून, म्हणजे पोस्टफिक्सच्या ज्या ज्या भागातून जातो, तो प्रत्येक जण त्या क्रमांकासकट एक ओळ लिहून ठेवतो. दारावरचा एसएमटीपीडी लिहितो, कोणत्या आयपीवरून (यंत्राच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आला आणि कोणत्या नावाने लॉगिन झालं. क्लीनअप लिहितो, मेसेज आयडी काय. क्यूमॅनेजर लिहितो, पाठवणारा कोण, आकार किती, किती जणांना. शेवटी बाहेर नेणारा एसएमटीपी लिहितो, कुणाच्या दारात गेलो होतो, किती वेळ लागला आणि त्यांनी काय सांगितलं. पहिल्याच ओळीत लेखा विभागातल्या एका कर्मचाऱ्याचं लॉगिन आणि अगदी अनोळखी आयपी. शेवटच्या ओळीत एका मोठ्या मेल कंपनीचं उत्तर, ‘४२१’: तुमच्याकडून नेहमीपेक्षा फार मेल येताहेत, नंतर या.

गोष्ट उघड झाली. पासवर्ड फुटला होता, त्या खात्यावरून कुणीतरी कचरा ओतत होतं आणि त्या लोंढ्यात आमची खरी पत्रं अडकली होती. पासवर्ड बदलला, उघडी जोडणी तोडली, त्या पाठवणाऱ्याचे सगळे मेल रांगेतून वेगळे काढून धरून ठेवले आणि उरलेल्यांना वाट मोकळी केली. फोन आल्यापासून पाऊण तास गेला असेल. पहाटेपर्यंत शेवटचं प्रवेशपत्र पोचलं.

मी काही फार हुशारी केली नाही. लॉग वाचता येणाऱ्या कुणालाही हे जमलं असतं, कारण सॉफ्टवेअरने प्रत्येक पावलाची नोंद एकाच जागी, एकाच क्रमांकाखाली, साध्या अक्षरांत ठेवली होती. दुसऱ्या एका ठिकाणी असाच प्रसंग आला तेव्हा तिथे भारी किमतीचं, सगळं एकत्र असलेलं उत्पादन होतं. व्यवस्थापनाच्या पडद्यावर हिरवा दिवा: सर्व सेवा सुरळीत. मेल मात्र जात नव्हते. नोंदी चार जागी विखुरलेल्या, प्रत्येकीत मेलची ओळख वेगळी, त्यातली एक तर फक्त विक्रेत्यालाच उघडता येणारी. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, वाट बघितली. तिसऱ्या दिवशी कारण कळलं. तोवर ज्यांची उत्तरं द्यायची मुदत टळली होती, ती माणसं आमच्यावर चिडली होती आणि त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

आता तक्त्यातल्या नावांकडे येतो. पहिली गोष्ट, ही नावं एका पंगतीत बसणारी नाहीतच. मेलकाऊ उघडून बघा, आत पोस्टफिक्स, मेल ठेवणारं डव्हकॉट आणि स्पॅम गाळणारं आरस्पॅमडी. मेल-इन-अ-बॉक्स उघडा, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट. आयरेडमेल, तेच. झिंब्रातसुद्धा बाहेरून मेल घेणारा आणि बाहेर पाठवणारा भाग पोस्टफिक्सच आहे. तेव्हा ‘पोस्टफिक्स घेऊ की मेलकाऊ’ असा प्रश्न विचारणाऱ्याला खरं तर विचारायचं असतं, की जोडणी मी करू की दुसऱ्याने करून दिलेली घेऊ. या आयत्या संचांना मी नावं ठेवणार नाही. झटपट चालू होतात, त्यांतले काही प्रमाणपत्रंही स्वतः नवी करतात, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावांच्या इंटरनेटवरच्या यादीत) काय लिहायचं ते सांगतात. पण अट एकच: संच घेणाऱ्याला आतले तुकडे ओळखता आले पाहिजेत. डॉकरच्या, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा ठेवून चालवणाऱ्या सोयीच्या, पंधरा-वीस डब्यांपैकी मेल कोणत्या डब्यात थांबलाय हे ज्याला सांगता येत नाही, त्याने संच घेतला म्हणून त्याचं काम कमी झालं नाही. ते फक्त पुढे ढकललं गेलं.

खऱ्या अर्थाने एकमेकांसमोर उभे आहेत ते सेंडमेल, क्यूमेल, एक्झिम, पोस्टफिक्स, ओपनएसएमटीपीडी हे मेल वाहून नेणारे. यांचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्यात एकच चूक तीनदा दिसते.

एरिक ऑलमन यांचं सेंडमेल १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्सबरोबर आलं. तेव्हा अनेक तऱ्हेची जाळी, अनेक तऱ्हेचे पत्ते होते आणि त्या सगळ्यांना जोडायचं अवघड काम त्याने वर्षानुवर्षं केलं. त्याबद्दल त्याचा मान आहेच. पण २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम सुटला, तेव्हा त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलच्या डीबग (चुका शोधण्यासाठी ठेवलेल्या) सोयीतून जात होती: मेल कुणाला द्यायचा त्या जागी पत्त्याऐवजी चक्क आज्ञा लिहिता येत होती आणि सर्व्हर ती पाळत होता. जून २०१९ मध्ये एक्झिममध्ये एक भोक जाहीर झालं. मेल घेणाऱ्याच्या पत्त्यात विशिष्ट रीतीने आज्ञा लिहिली, की ती रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालायची. जानेवारी २०२० मध्ये ओपनएसएमटीपीडीमध्ये तसंच सापडलं, यावेळी पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. १९८८, २०१९, २०२०. तिन्ही वेळा बाहेरच्या परक्या माणसाने लिहिलेला पत्ता आज्ञा समजून चालवला गेला, आणि ओपनएसएमटीपीडी तर सुरक्षेसाठी जीव टाकणाऱ्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी लिहिलेलं होतं.

यातून मी घेतलेला धडा सॉफ्टवेअरच्या ठेवणीचा आहे. चूक कुणाच्याही हातून होणार. झाली तर ती कुठवर पसरू शकते? एक्झिम हा एकच मोठा प्रोग्रॅम आहे आणि बटवडा करायचा म्हणून त्याला रूटचे अधिकार लागतात. त्यात भोक पडलं की सगळं यंत्रच गेलं. पोस्टफिक्स विट्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत लिहिलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये ते आधी ‘सिक्युअर मेलर’ या नावाने बाहेर आलं. त्यात एकाच मोठ्या प्रोग्रॅमऐवजी अनेक लहान लहान प्रक्रिया आहेत. दारावर जगाशी बोलणारी प्रक्रिया वेगळी, रांग सांभाळणारी वेगळी, पत्ते नीट करणारी वेगळी. बहुतेकींना रूटचे अधिकार नसतात आणि एक दुसरीवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. मघाशी मी ज्या ओळी वाचल्या त्या इतक्या स्पष्ट का होत्या, याचंही कारण हेच. कामं वेगळी म्हणून नोंदी वेगळ्या. सुरक्षेसाठी केलेली वाटणी दुरुस्ती करणाऱ्याच्याही कामी आली.

म्हणून पोस्टफिक्स धुतल्या तांदळासारखं आहे, असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग हा प्रकार उघड झाला. मेल संपल्याची खूण दोन सर्व्हर दोन तऱ्हांनी वाचतात, याचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल घुसवता येत होता. त्यात एक्झिम आणि सेंडमेलबरोबर पोस्टफिक्सही सापडलं होतं.

आणि एक्झिमवर अन्याय नको. फिलिप हेझल यांनी ते १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठासाठी लिहिलं, आणि हजारो खाती, शेकडो डोमेन, प्रत्येकाचे नियम निराळे, अशा ठिकाणी त्याच्या कॉन्फिगची, म्हणजे सर्व्हरने कसं वागायचं ते लिहिलेल्या फाइलीची, ताकद कळते. ‘अमुक गटाकडून आलेला, तमुक आकाराचा मेल, रात्री असेल तर या वाटेने’ असली अट त्यात दोन ओळींत बसते. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी बाहेरचा मदतनीस जोडावा लागतो. होस्टिंगचा धंदा करणारे एक्झिम वापरतात ते उगाच नाही. माझी शंका एवढीच, की ज्या संस्थेत दीडशे माणसं आणि एक डोमेन आहे, तिला ही ताकद कशाला हवी? कॉन्फिग ही एक भाषाच असली की ती जाणणारा माणूस गेल्यावर मागच्यांना ती परकी होते. २०१९ च्या त्या भोकातला अपराधीही पत्त्यावर चालवलेली ती भाषाच होती.

त्या प्रकरणातला आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये निघालेल्या एक्झिम ४.९२ मध्ये ते भोक आधीच बुजलेलं होतं, तेही सुरक्षेची दुरुस्ती म्हणून कुणाच्या लक्षात न येता. जूनमध्ये बोंब झाली तेव्हा ज्यांनी नियमाने अपडेट केलं होतं, त्यांना काहीच करावं लागलं नाही. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता’ म्हणणारे सापडले.

हाच धागा क्यूमेलपाशी वेगळ्या अंगाने येतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी सेंडमेलच्या भोकांना वैतागून ते लिहिलं, आणि त्यात सुरक्षेचं भोक दाखवणाऱ्याला १९९७ मध्ये ५०० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. जून १९९८ मध्ये १.०३ ही आवृत्ती काढली आणि तिथेच थांबले. रचना सुंदर आहे, आजही वाचावी अशी. पण जग थांबलं नाही. जोडणी गुप्त ठेवणारं टीएलएस आलं, मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे पडताळणारं एसपीएफ आलं, डीकेआयएम आलं. परवान्यामुळे बदललेली आवृत्ती कुणाला वाटता येत नव्हती, म्हणून लोक ठिगळं वाटत राहिले: या ठिगळावर ते ठिगळ, त्यावर आणखी एक. नोव्हेंबर २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं, तोवर उशीर झाला होता. शिवाय ६४ बिटच्या यंत्रांवरची जी चूक २००५ मध्ये दाखवली गेली होती आणि प्रत्यक्षात वापरता येणार नाही म्हणून बाजूला ठेवली गेली होती, ती वापरून दाखवली २०२० मध्ये. निवड करताना मी आता कोड किती सुबक आहे हे नंतर बघतो. आधी बघतो की तो आज कोण सांभाळतंय, आणि उद्या त्याने सोडला तर दुसऱ्याला उचलता येईल का.

एक्स्चेंजबद्दल थोडक्यात. कॅलेंडर, बैठका, खोल्यांचं आरक्षण यांत ते इतरांच्या पुढे आहे, आणि ज्या संस्थेचा दिवसच त्या कॅलेंडरवर चालतो तिला मी ते सोडा म्हणणार नाही. पण १ जानेवारी २०२२ ची पहाट आठवा. जगभरच्या कित्येक संस्थांतल्या एक्स्चेंजमध्ये मेल रांगेत तुंबले. कारण काय? मेल तपासणारं मालवेअरविरोधी इंजिन आपली आवृत्ती तारखेवरून ठरवायचं आणि २२०१०१०००१ हा आकडा ३२ बिटच्या खणात मावत नव्हता. त्या खणात २१४७४८३६४७ च्या पुढे काही बसत नाही. तपासणी कोसळली आणि तिच्यामागे सगळी रांग थांबली. अशी चूक कुठेही होऊ शकते. मला बोचतं ते हे, की सर्व्हर आपल्या इमारतीत असून ती तपासणी आतून कशी चालते हे सांभाळणाऱ्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तपासणी बंद करून मेल सोडायचे, एवढंच हातात राहिलं. २०२१ च्या मार्चमध्ये वेबच्या बाजूने एक्स्चेंजला जी भोकं पडली तीही याच गावची: मेल, वेब, कॅलेंडर, निर्देशिका सगळं एकात एक विणलेलं असलं की एका दारातून शिरलेला चोर सगळ्या घरात फिरतो. आणि २०१६, २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे वर्गणी भरूनच.

आता दुसरा प्रश्न: उचलून नेता येईल का? साठवण कशी आहे यावर ते ठरतं, आणि तक्त्यात साठवणीला रकाना क्वचितच असतो. जुनी पद्धत एमबॉक्सची. एका माणसाचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक. नवा मेल शेवटी जोडायचा तर तेवढ्या वेळापुरतं फाइलला कुलूप. दोघांनी एकदम हात घातला, कुलूप नीट लागलं नाही, की सगळी फाइलच बिघडली.

क्यूमेलने आणलेली मेलडिर पद्धत इतकी साधी आहे, की पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. एका मेलची एक फाइल. तीन फोल्डर: टेम्प, न्यू, कर (करंट). आलेला मेल आधी टेम्पमध्ये पूर्ण लिहायचा. शेवटचं अक्षर डिस्कवर पोचल्यावरच तो एका झटक्यात न्यूमध्ये सरकवायचा. मधेच वीज गेली तर अर्धवट फाइल टेम्पमध्ये पडून राहते. न्यूमध्ये जे आहे ते नेहमी पूर्णच असतं. वाचणाऱ्याने मेल बघितला की तो करमध्ये. कुलूप नाही. एका संस्थेत अध्यक्षांच्या हातून एक महत्त्वाचा मेल पुसला गेला होता. मी बॅकअपमधून ती एक फाइल शोधली, जागेवर ठेवली, आणि ते बोलता बोलता त्यांच्या फोनवर मेल परत आला. जिथे सगळे मेल एका बंद डेटाबेसमध्ये होते, अशा दुसऱ्या जागी हेच काम करायला आख्खा डेटाबेस वेगळ्या यंत्रावर उभा करावा लागला होता. एका मेलसाठी एक रात्र!

मेल ठेवायला आणि वाचायला देणाऱ्या आयमॅप सर्व्हरमध्ये म्हणूनच मी डव्हकॉटकडे वळतो. टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मेलडिर चालवतं, वेग हवा असेल तर स्वतःची अनुक्रमणिका ठेवतं, आणि ती बिघडली तर पुसून मूळ फाइलींवरून पुन्हा बांधतं. त्यातही खोट आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत कॉन्फिगची रीत इतकी बदलली, की जुनी फाइल तशीच्या तशी चालत नाही. ती पुन्हा लिहावी लागते. ते काम मला आवडलं नाही, पण मेलांना धक्का लागला नाही, कारण मेल फाइलींत होते.

स्टॉलवर्टसारखी नवी सॉफ्टवेअर मी उत्सुकतेने बघतो. रस्ट भाषेत लिहिलंय, म्हणजे मेमरीच्या गोंधळातून येणाऱ्या भोकांचा मोठा वर्ग मुळातच टळतो. एसएमटीपी, आयमॅप आणि त्याची जागा घेऊ पाहणारं नवं जेमॅप एकाच प्रोग्रॅममध्ये. पण मेल तिथे रॉक्सडीबी, पोस्टग्रेस वगैरे डेटाबेसच्या साठवणीत जातो. बाहेर काढायचा तर मेलडिरसारखी फाइल सरळ उचलता येत नाही, बहुधा आयमॅपसारख्या वाटेने ओढून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी सर्व्हर चालू असावा लागेल. स्वतःच्या घरगुती डोमेनसाठी मी आनंदाने वापरेन. संस्थेसाठी अजून काही वर्षं थांबेन.

इथे कुणीतरी म्हणणार, की हे सगळं कशाला? मोठ्या कंपनीकडे मेल सोपवा आणि मोकळे व्हा. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. स्पॅम ओळखण्यात मोठ्या कंपन्या आपल्यापुढे कितीतरी आहेत. आणि पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडतो की स्पॅममध्ये, यावर तुमच्या सॉफ्टवेअरचा अधिकार जवळजवळ नसतो. तिथे तुमच्या आयपीची पत बघितली जाते, आयपीवरून नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंद बघितली जाते, एसपीएफ, डीकेआयएम आणि त्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क बघितलं जातं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. गुगलने त्यासाठी दिवसाला ५००० मेल ही रेघ आखली, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. नव्या आयपीवरून पहिले काही आठवडे काढणं नाकी नऊ आणतं. अनेक क्लाउड कंपन्या तर मेल बाहेर जायला लागणारं २५ नंबरचं पोर्ट मुळातच बंद ठेवतात.

शिवाय ज्या संस्थेत मेल सांभाळणारी निदान दोन माणसं नाहीत, तिने सर्व्हर चालवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक माणूस पुरत नाही. तो आजारी पडतो, रजेवर जातो, नोकरी सोडतो, आणि रांग कुणाची वाट बघत नाही.

पण ज्यांच्याकडे दोन माणसं आहेत त्यांनीही केवळ सोयीपायी सगळं सोपवून द्यावं, हे मला पटत नाही. शाळा, ग्रंथालय, पतसंस्था, संघटना यांचा पत्रव्यवहार म्हणजे त्यांची स्मृती. कोण कधी काय म्हणालं, कशाला संमती दिली, कशाला नकार दिला, ते सगळं तिथे असतं. खातं एका सकाळी बंद झालं आणि दाद मागायला समोर माणूसच नसला, तर ती स्मृती परत कशी मिळवणार? मेल हा इंटरनेटवरच्या अशा थोड्या गोष्टींपैकी आहे, जिथे कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरशी कुणाची परवानगी न घेता बोलू शकतो. चाळीस वर्षं ही व्यवस्था टिकली, कारण अगणित लोक आपापला सर्व्हर चालवत राहिले. चालवणारे उरले नाहीत, तर नियम फक्त मोजके मोठे ठरवतील. ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मधला रस्ता आहे आणि तो मी स्वतः वापरतो. मेल घ्यायचे स्वतः, ठेवायचे स्वतः, आणि बाहेर पाठवताना मात्र चांगली पत असलेल्या रिलेमार्फत, म्हणजे मेल पुढे नेणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत, पाठवायचे. पोस्टफिक्समध्ये ही रिलेहोस्ट नावाची एक ओळ आहे, वर लॉगिनच्या दोन-तीन. रिलेवाला आवडेनासा झाला तर ओळ बदलायची. डोमेन तुमचं, साठवण तुमची, भाड्याची फक्त वाट. यात गोपनीयतेची तडजोड आहे, जाणारा मेल तिसऱ्याच्या हातून जातो. पण पोचण्याची निम्मी डोकेदुखी जाते आणि स्मृती घरात राहते. आज लहान-मध्यम संस्थेने पोस्टफिक्स, डव्हकॉट, आरस्पॅमडी आणि असा एक रिले घ्यावा, असं मी सांगतो. जोडणी स्वतः करा किंवा संच घ्या, ते तुमच्या माणसांवर.

माझ्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. दोन पर्याय दोन रिकाम्या यंत्रांवर उभे करा. बंद असलेल्या पत्त्याकडे पन्नास मेल सोडा आणि ते रांगेत कसे दिसतात ते बघा. एका खात्यातला एक मेल पुसा आणि बॅकअपमधून तेवढाच परत आणा. यंत्राची वीज ऐन बटवड्यात काढा. मग ज्याने हे सर्व्हर उभे केले नाहीत अशा सहकाऱ्याला बसवा आणि एवढंच सांगा, की काल दुपारचा अमुक मेल पोचला नाही म्हणतात, बघ जरा.

ही शेवटची चाचणी मी हल्ली नेहमी घेतो. मागच्या वेळी एक मुलगी रुजू होऊन तिसराच दिवस होता. तिने पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून लॉगमध्ये ओळ शोधली, क्रमांक घेतला, त्या क्रमांकाच्या सहा ओळी एकाखाली एक मांडल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘सर, मेल गेलाय. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी त्यांच्या सर्व्हरने २५० दिलंय. आता त्यांना त्यांच्याकडे शोधायला सांगायचं ना?’’